'मॉडर्न' वेबसाइट म्हणे!

छोट्या व्यावसायिकांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रंग बदलून परत येते, मजकूर तोच. सारांश असा: वेबसाइट जुनाट दिसली की गिऱ्हाईक पहिल्या नजरेतच पळतं. म्हणून वरच्या भागात मोठा व्हिडिओ किंवा फिरते फोटो टाका, चॅटबॉट (प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारी खिडकी) बसवा, कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) ठासून भरा आणि दर दोन वर्षांनी डिझाइन बदला, नाहीतर गूगल तुम्हाला खाली ढकलेल. हे झेपत नसेल तर वेबसाइटच्या भानगडीत पडूच नका, सोशल मीडियावरचं पान पुरे.

मी अशा छोट्या साइट्स बांधतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. ही पोस्ट वाचून येणारे लोक सांगतात, "जरा मॉडर्न करून द्या." नेमकं काय अडतंय असं विचारलं की गप्प बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फिरते फोटो, म्हणजे स्लायडर. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेब विभागातल्या एरिक रनियन यांनी २०१३ मध्ये स्वतःच्या साइटवरचे आकडे जाहीर केले होते. मुख्य पानावर येणाऱ्यांपैकी साधारण १ टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं होतं, आणि त्यातले ८४ टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर होते. एका साइटचे आकडे सगळ्यांना लागू होत नाहीत हे मान्य. पण माझा अनुभव वेगळं काही सांगत नाही. पाचही चित्रं शेवटपर्यंत बघणारा माणूस एकच असतो, साइटचा मालक. येणाऱ्याचा अंगठा तोवर खाली सरकलेला असतो. खरं तर स्लायडर जन्माला येतो तो गिऱ्हाइकासाठी नाहीच. पहिल्या पानावर काय ठेवायचं यावर घरातल्यांचं किंवा भागीदारांचं एकमत होत नाही, मग सगळ्यांचंच एकेक चित्र लावून भांडण मिटवलं जातं. शिवाय दिव्यांगांनाही साइट वापरता यावी म्हणून ठरवलेल्या जागतिक निकषांनुसार आपोआप सुरू होणारी आणि ५ सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय द्यावी लागते. ते थांबवायचं बटण किती स्लायडरांवर दिसतं, बघा एकदा.

मोठ्या फोटोंचा हिशेब तर सरळ आहे. फोनने काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. बघणाऱ्याच्या फोनच्या रुंदीला १२०० बाय ९०० भरपूर झाले, म्हणजे जेमतेम ११ लाख. उरलेले दहा-अकरा पट पिक्सेल त्याच्या डेटा पॅकमधून उगाच उतरतात आणि दिसत काहीच नाहीत. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात जतन केला की काही एमबीचा फोटो बहुतेक वेळा एक-दोनशे केबीवर येतो. पाच मिनिटांचं काम. पण ते दिसत नाही, म्हणून त्यावर पोस्ट निघत नाहीत.

पानाच्या अनुभवाचे गूगलचे स्वतःचे तीन निकष आहेत. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत दाद द्यावी (हा निकष मार्च २०२४ पासूनचा). आणि लोड होताना पान हललं तर त्याचा गुणांक ०.१ च्या वर जाऊ नये. तिसरा कोरडा वाटतो, पण तुम्ही तो सोसलेला असतो. पान उघडतं, नंबर दिसतो, बोट खाली येतं आणि तेवढ्यात वरचं चित्र लोड होऊन सगळा मजकूर खाली ढकलला जातो. बोट पडतं भलत्याच लिंकवर. उपाय काय, तर चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहून ठेवायची, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. या तीन निकषांत व्हिडिओ कुठेच नाही. उलट वरचा जड व्हिडिओ पहिला निकष बिघडवू शकतो.

(आणि वेग तपासायचा तर ऑफिसच्या वाय-फायवर, रोज उघडता त्या ब्राउझरात तपासू नका. तिथे निम्मं पान आधीच साठवलेलं असतं. फोन घ्या, वाय-फाय बंद करा, खासगी विंडोत उघडा.)

आता चॅटबॉट. दिवसाला शेकडो प्रश्न येत असतील तर बसवा बापडे. पण येणाऱ्याचे प्रश्न बहुतेक वेळा चारच असतात: तुम्ही नेमकं काय करता, कुठे आहात, आत्ता सुरू आहात का, साधारण किती पैसे लागतील. याची उत्तरं पानावर लिहिलेली नसली की ती बॉटलाही ठाऊक नसतात, आणि लिहिलेली असली की बॉटला विचारायची वेळ येत नाही. पान झाकणाऱ्या पॉपअपबद्दल तर गूगलने जानेवारी २०१७ पासूनच मोबाइल पानांना गुण कमी देणं सुरू केलंय.

गिऱ्हाइकाला तुमच्यापर्यंत पोचता येणं, या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात जास्त दुरुस्ती इथलीच असते. एका व्यावसायिकाची साइट नवी करकरीत होती, दिसायला देखणी. तक्रार एकच, चौकशा येत नाहीत. त्यांनी आणखी अ‍ॅनिमेशन टाकायचं ठरवलं होतं. मी समोर बसून संपर्काचा फॉर्म भरला. हिरव्या अक्षरांत "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" आलं. आणि मेल? तो जात होता काम सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर. कित्येक महिन्यांच्या चौकशा तिथे पडून होत्या. फोन नंबर होता, पण तो बॅनरच्या चित्रात रंगवलेला. बोट लावून फोन लागेना, नंबर कॉपीही होईना. आम्ही डिझाइनला हात लावला नाही. फॉर्मचा पत्ता बदलला, नंबर अक्षरांत लिहून त्याला फोनची लिंक दिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला महिन्यातून एकदा स्वतःचाच फॉर्म भरायला सांगतो. ऐकतात थोडे.

कीवर्डचा मुद्दा दोन ओळींत संपतो. कोडमधला कीवर्डचा टॅग (पानावर न दिसणारी शब्दांची यादी) क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय, आणि मजकुरात तेच शब्द कोंबणं त्यांच्या नियमांत स्पॅम ठरतं. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं त्या शब्दांत नीट उत्तर लिहा, झालं.

दर दोन वर्षांनी नवं डिझाइन हा मात्र पोस्टमधला सगळ्यात महागडा सल्ला. डिझाइनचं वय मोजून गूगल कुणाला खाली ढकलत नाही. मजकूर फारसा न बदलता पानावरची तारीख तेवढी ताजी करणं ही तर त्यांच्याच मार्गदर्शनात खटकणारी गोष्ट म्हणून नोंदलेली आहे. नव्या डिझाइनमध्ये खरा धोका असतो तो पत्त्यांचा. पानांचे पत्ते बदलतात, जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावायचं राहून जातं, आणि वर्षानुवर्षं लोकांनी दिलेल्या लिंका 'पान सापडलं नाही' अशा पानावर येऊन धडकतात. मग "नवी साइट केली आणि गूगलवरून गायब झालो" म्हणत लोक येतात.

मॉडर्न या शब्दाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. एके काळी फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या तंत्रात केलेला नाचता-गाता इंट्रो म्हणजे मॉडर्नपणाची हद्द होती. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ब्राउझरांनी ते दाखवणं बंद केलं. वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं, साध्या एचटीएमएलमध्ये (वेब पानांच्या मूळ भाषेत) लिहिलेलं पहिलं पान १९९१ चं. त्याची जतन केलेली प्रत आजही उघडते.

पोस्टमध्ये काहीच खरं नाही असं नाही. दिसण्याने विश्वास बसतो किंवा उडतो, हे खरंच. फोनवर बोटांनी मोठं करून वाचावं लागणारं पान आज चालणार नाही. पडद्याप्रमाणे घडण बदलणाऱ्या पानांची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्येच मांडली होती. एचटीटीपीएस (साइट आणि फोन यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारी सोय) नसेल तर क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून पत्त्याशेजारी 'असुरक्षित' लिहितो, आणि प्रमाणपत्र फुकट मिळत असताना तो शिक्का मिरवण्यात अर्थ नाही. पण याच पोस्टवाल्यांच्या आवडीची ती फिकट राखाडी बारीक अक्षरं? साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असा निकष आहे. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला तो आकडा माहीत नसतो, पण वाचता आलं नाही हे कळतं.

राहिला शेवटचा सल्ला, वेबसाइट सोडा, दुसऱ्याच्या जागेवर पान पुरे. सोशल मीडियावर जरूर असा. पण गूगलने व्यवसायांना त्यांच्या प्रोफाइलवरून फुकट छोट्या वेबसाइट्स काढून दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. काही महिने पत्ता प्रोफाइलकडे वळत राहिला, जूनमध्ये तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता कार्डांवर, पाट्यांवर छापला होता त्यांच्या हाती मेलेली लिंक उरली.

स्वतःचं डोमेन (साइटचा नावाचा पत्ता) असलं की होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) बदला, डिझाइन बदला, पत्ता तोच राहतो. फक्त ते डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं हवं. नवं काम घेताना मी आता रंग, फोटो काही विचारायच्या आधी हेच विचारतो: डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे? बहुतेक जण आठवायचा प्रयत्न करतात, आणि मग म्हणतात, "ज्या मुलाने साइट केली होती ना, त्याच्याकडे असेल."