कळा अडवल्या म्हणजे आकडा तपासला, असं नाही

विंडोज फॉर्म्स (डॉटनेटमध्ये विंडोजचे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची सोय) शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: "टेक्स्टबॉक्सच्या कीप्रेसमध्ये इझकंट्रोल आणि इझडिजिट तपासा, बाकी सगळ्याला हँडल्ड ट्रू करा. आत फक्त आकडेच येतील, ट्रायपार्सची कटकट नको." म्हणजे कळ दाबल्यावर येणाऱ्या कीप्रेस इव्हेंटमध्ये अंक (इझडिजिट) किंवा बॅकस्पेससारखं कंट्रोल कॅरेक्टर (इझकंट्रोल) आहे का ते पाहायचं आणि नसेल तर हँडल्ड ट्रू करून कळ अडवायची; मग मजकुराचा आकडा होतो का हे पाहणारं ट्रायपार्स लागत नाही. दोन ओळींचा कोड, डेमोत चालतोही, म्हणून हातोहात फिरतो.

"आत फक्त आकडेच येतील." राइट क्लिक करून पेस्ट करा. कळच दाबली नाही, तर कीप्रेस येणार कुठून? एक्सेलमधून उचललेलं 'रु. ४५०/-' रकमेच्या रकान्यात जाऊन बसतं. कंट्रोल-व्ही दाबलं तरी तेच; ते कंट्रोल कॅरेक्टर म्हणून येतं आणि त्याला सूट आपणच दिलेली असते. सूट काढली तर बॅकस्पेसही चालेनासा होतो. (शॉर्टकट्सएनेबल्ड फॉल्स करून पेस्टच बंद करा, असंही सुचवतात. दिवसभर बिलं भरणाऱ्याने प्रत्येक आकडा हातानेच टाइप करायचा का?)

"इझडिजिट म्हणजे शून्य ते नऊ." हे गृहीतक आपल्याला सगळ्यात महाग पडतं. डॉटनेटमध्ये इझडिजिट युनिकोडमधल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक मान्य करतं. मराठी कळफलकावरून कोणी देवनागरीत ४५० टाइप केलं, तर ते बिनतक्रार आत येतं. मजकुराचा पूर्णांक करणारं पुढचं इंट.पार्स मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखतं. फॉरमॅटएक्सेप्शन (मजकूर आकड्यासारखा नसल्याची चूक) येतं आणि ते पकडलेलं नसेल तर प्रोग्राम आडवा. देवनागरी अंक नाकारणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅरेक्टरगणिक गेटन्यूमेरिकव्हॅल्यूने किंमत काढून ते बदलून घ्या. पायथॉनचं इंट हेच अंक थेट वाचतं, मग आपण का अडवायचे?

"सगळे अंकच असतील तर पार्स फसणार नाही." रिकामा रकाना फसतो. दहा अंकी मोबाइल नंबरही फसतो, कारण इंटची कमाल २,१४,७४,८३,६४७ आहे आणि आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होतात. मुळात ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ते स्ट्रिंगमध्येच ठेवावं.

"दशांश हवा तर टिंब आणि स्वल्पविराम सोडा." मग '१२.५.३' पण सोडलं. स्वल्पविराम त्याहून बेरका: इंग्रजी अंकांत '१,५' लिहून डेसिमल.पार्सला दिलं, तर भारतीय सेटिंगमध्ये ते पंधरा वाचतं, चूक दाखवत नाही. गट किती अंकांचे आहेत हे ते पाहतच नाही. याच ढिलाईमुळे '१,००,०००' सुद्धा नीट वाचलं जातं, त्यामुळे रकान्यागणिक ठरवावं लागतं. रकमेला अलाऊथाउजंड्स (पार्सला स्वल्पविराम चालवून घ्यायला सांगणारा पर्याय) ठेवा, वजन-मापाला काढा.

कीप्रेस ठेवायचं तर सोय म्हणून ठेवा. खरी तपासणी रकाना सोडताना येणाऱ्या व्हॅलिडेटिंग इव्हेंटमध्ये: ट्रायपार्स, मग किमान-कमाल मर्यादा, चूक असेल तर रकान्याशेजारी खूण दाखवणारा एररप्रोव्हायडर. ट्रायपार्सचं उत्तर न पाहता पुढे जाऊ नका, कारण फसल्यावर ते शून्य ठेवतं आणि ते शून्य बिलात छापलं जातं. न्यूमेरिकअपडाऊन (वर-खाली बाण असलेला आकड्यांचा तयार रकाना) वापरणार असाल तर मॅक्सिमम बदला. मूळ मर्यादा १०० आहे, आणि टाइप केलेले ४५० रकान्याबाहेर पडताच गुपचूप १०० होतात. 'रद्द करा' बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन (त्या बटणाकडे जाताना तपासणी करायची का, हे ठरवणारं) फॉल्स करायला विसरलात आणि व्हॅलिडेटिंगमध्ये कॅन्सल ट्रू करून रकाना सोडणं अडवलंत, तर चुकीचा आकडा टाकलेल्या माणसाला ते बटण दाबताच येणार नाही.