टाइमआउट ठरवतो म्हणे!

"--टाइमआउट : टाइमआउट ठरवतो."

वा! धन्य झालो. एका कमांड-लाइन टूलच्या हेल्पमधली, म्हणजे ऑप्शन समजावणाऱ्या मजकुरातली, ही ओळ. हे लिहिणाऱ्याने नक्की कोणाला मदत केली?

सकाळभर या ओळीने डोकं खाल्लं. टाइमआउट, म्हणजे किती थांबून नाद सोडायचा ती मर्यादा, दिली ३०. कनेक्शन लागायच्या आत तुटतंय. फायरवॉल बघा, डीएनएस बघा, सर्टिफिकेट बघा, आणि शेवटी सोर्स कोड उघडल्यावर कळतं की आकडा मिलिसेकंदात आहे. ३० मिलिसेकंद! लांबच्या सर्व्हरशी टीएलएस हँडशेकही (सुरक्षित कनेक्शनसाठीची सुरुवातीची देवाणघेवाण) तेवढ्यात उरकत नाही. वर एरर काय, तर "कनेक्शन अयशस्वी". किती वेळ थांबून सोडून दिलं, एवढं जरी छापलं असतं ना!

काय लिहायला हवं होतं? हे घ्या:

"--टाइमआउट <मिलिसेकंद> : कनेक्शन लागण्यासाठी जास्तीत जास्त किती थांबायचं. डीफॉल्ट ५०००. ० दिल्यास मर्यादा नाही."

संपलं. एकक कंसातच दिसतं, डीफॉल्ट कळतो, शून्याचा अर्थ कळतो. आणि मुख्य म्हणजे थांबायचं कशासाठी, ते कळतं. कनेक्शन लागायला किती आणि अख्खं काम संपायला किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्लमध्ये (यूआरएलवरून डेटा आणणारं टूल) त्यासाठी --कनेक्ट-टाइमआउट आणि --मॅक्स-टाइम असे दोन ऑप्शन आहेत आणि दोन्हींपुढे सेकंद लिहिलेले आहेत. एकक गृहीत धरायची सोयच नाही हो. पिंग, म्हणजे सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारी कमांड, तिचा कॅपिटल डब्ल्यू हा थांबायच्या वेळेचा ऑप्शन लिनक्सवर सेकंद घेतो आणि मॅकवर मिलिसेकंद!

आता निघालंच आहे तर --फोर्स घ्या. "जबरदस्तीने चालवतो." कोणावर जबरदस्ती? फाइल आधीच असेल तर न विचारता तिच्यावर लिहिणार, की लॉक तोडणार, की व्हर्जनची तपासणी गाळणार? कुठली तपासणी वगळली जाते तेवढं लिहा. डेटा जाणार असेल तर तेही त्याच ओळीत.

उदाहरणं तर औषधालाही नाहीत. टारला (फाइलींचं गाठोडं बांधणारी कमांड) आपण सगळे हसतो, पण त्याच्या हेल्पमध्ये सुरुवातीलाच तीन उदाहरणं आहेत: बनवा, यादी बघा, उघडा. इथे मात्र ऑप्शन अकारविल्हे, म्हणजे वर्षातून एकदा लागणारा पहिला आणि रोजचा पार तळाशी.

बरं, ग्रेप करून (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) शोधावं, तर हेल्प जाते एसटीडीएररला, म्हणजे एररसाठीच्या वेगळ्या वाटेला. पाइपमधून काही येतच नाही. अरे, स्वतःहून मागितलेली हेल्प एसटीडीआउटला, म्हणजे नेहमीच्या आउटपुटच्या वाटेला, द्या आणि एक्झिट कोड (काम नीट झालं की नाही ते सांगणारा आकडा) ०. चुकीचा ऑप्शन दिला तर दोन ओळींचा एरर एसटीडीएररला आणि कोड शून्येतर. इथे एक अक्षर चुकलं की शंभर ओळींची हेल्प अंगावर येते आणि खरा एरर वर कुठेतरी स्क्रोल होऊन गेलेला.

हो, मान्य आहे, एका ओळीपायी एवढा थयथयाट शोभत नाही. पण अर्ध्या ओळींच्या शेवटी पूर्णविराम आणि अर्ध्यांच्या नाही, एवढ्यावरही माझा रक्तदाब चढतो. माझ्याकडून समंजसपणाची अपेक्षा ठेवू नका.

आणि तळाला काय? "अधिक माहितीसाठी डॉक्युमेंटेशन पाहा." पाहिलं. तिथे हीच हेल्प पेस्ट केलीय, तीही मागच्या व्हर्जनची.