पेपर अवघड गेला, आता शिरा करा

परीक्षेहून परतलेले मूल ‘पेपर सोपा होता’ म्हणाले की चहा टाकायचा आणि ‘अवघड होता’ म्हणाले की पंखा लावून पाण्याचा तांब्या पुढे करायचा, एवढे बालमानसशास्त्र साताऱ्याच्या आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या पुरले. न्यू जर्सीत अकरावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने एसएटीची, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी आरंभली आणि ते शास्त्र निकालात निघाले.

ही परीक्षा अमेरिकेत 2024 पासून संगणकावर होते. इंग्रजी आणि गणित, दोन्हींचे दोन-दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा सोडवला ते पाहून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिल्यात चमकलेल्याला दुसऱ्यात अवघड प्रश्न मिळतात. अडखळलेल्याला सोपे मिळतात, पण मग त्या विषयाच्या 800 गुणांपैकी वरचे गुण त्याला दुरूनच पाहावे लागतात. त्यामुळे सराव परीक्षा संपवून कन्या पडलेल्या चेहऱ्याने खोलीबाहेर आली की आम्ही उभयता समाधानाने एकमेकांकडे पाहतो. एकदा ती हसत बाहेर आली, तेव्हा सौभाग्यवतींनी शिऱ्यासाठी भाजायला घेतलेला रवा मुकाट्याने खाली उतरवून ठेवला होता.

गुण वाढवण्याचे उपाय मात्र अगदीच नीरस आहेत. चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा, समोर चूक का झाली ते लिहायचे आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवायचा. ती वही मी चाळली. ‘येत नव्हते’ अशा नोंदी थोड्या. बहुतेक ठिकाणी ‘क्ष काढला, विचारले होते क्षच्या दुप्पट’ असा मजकूर. क्षची किंमतही पर्यायांत साळसूदपणे बसवलेली असते, ही परीक्षकांची खलवृत्ती कोणत्याही देशात सारखीच म्हणायची. पायऱ्या लिहून गणित सोडव, असा आग्रह मी धरला, तर तिने दोन्ही समीकरणे पडद्यावरच्या आलेखाच्या गणकयंत्रात टाकली, रेषा जिथे छेदल्या तिथे बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, इथे पायऱ्यांना गुण नसतात.” चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही तिनेच शिकवले. ‘येत नसेल तर ठोकून देऊ नये’ हा माझ्या वडिलांचा संस्कार त्यामुळे या घरात माझ्यापाशीच थांबला.

मार्चमध्ये गणित वधारले आणि इंग्रजी जागच्या जागी राहिले. अनेक महाविद्यालये वेगवेगळ्या वेळी मिळालेले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, म्हणून बारावीच्या प्रारंभी तिने पुन्हा बसावे असे ठरले. ही वार्ता मी फोनवरून आईला उत्साहाने सांगितली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ऑक्टोबरला बसवतोयस होय रे पोरीला? बरं, असू दे. इथे कुणाला सांगत नाही मी. तुझ्या वेळीही नव्हतं सांगितलं.”