म्हणे मेरी पिकफर्ड नुसत्या केसांवर चालली!

शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा सीजन आहे, वडसाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्या रोज कुठं ना कुठं लागून राहिल्या, अन् त्यातच हा मेसेज सगळीकडं फिरून राहिला. म्हणणं असं, की लहानपणी स्टेजवर गाजलेल्या पोरी पडद्यावर नुसत्या चेहऱ्यावर खपतात, पुरावा काय तर मूकपटाच्या जमान्यातली हॉलिवूडची नटी मेरी पिकफर्ड: नशिबानं सिनेमात गेली, कुरळ्या केसांवर चालली, बोलपट आला अन् संपली.

पहिले नशिबाचं पाहू. बाई 1892 ची, टोरांटोची, खरं नाव ग्लॅडिस स्मिथ. बाप लवकर गेला, सातव्या वर्षी स्टेजवर उभी, मग आई अन् भावंडांसंग रेल्वेनं गावोगाव नाटकं. वाचायला गोड वाटते हे. माझी भाची मागच्या सीजनला एका नाटकात पोराचं काम करे, एन्ट्री रात्री दोनची, तोपर्यंत विंगेत कपड्याच्या पेटीवर झोपून राहे अन् वेळ झाली की ताई तिच्या मानेवर ओला हात फिरवे, तोंडावर पाणी नाही मारायचं, मेकअप जाते ना. उठली की दुसऱ्या मिनिटाला डायलॉग, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मेरीनं हे असं वर्षानुवर्षं केलं, 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बेलास्को नावाच्या निर्मात्याच्या नाटकात लागली, मेरी पिकफर्ड हे नाव तिथलंच, अन् 1909 मध्ये बायोग्राफ या सिनेमा कंपनीत गेली तेव्हा 17 ची होती. तिथला दिग्दर्शक ग्रिफिथ म्हणे रोजचे 5 डॉलर, ही म्हणे 10. नशिबानं आलेली पोरगी असा भाव करते का बाप्पा?

केसांचं अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. तिशी उलटली तरी लोकायले ती लहान पोरगीच पाहिजे होती. पण 1918 च्या 'स्टेला मॅरिस'मध्ये तिचा डबल रोल आहे, एक श्रीमंताघरची सुंदर पोरगी अन् दुसरी अनाथ, चप्प बसवलेले केस, खांदा वाकडा. त्या दुसरीत कुठं आले कुरळे केस? अन् 1916 मध्ये आठवड्याला 10,000 डॉलर, वरून नफ्यात अर्धा वाटा, हा करार केसांनी नाही केला. 1919 मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स, ग्रिफिथ यांच्यासंग युनायटेड आर्टिस्ट्स ही सिनेमा कंपनी काढली, म्हणजे मालकीणच झाली.

बोलपटाचं तर उलटंच आहे. 1928 मध्ये केस कापले, 1929 मध्ये पहिला बोलपट 'कोकेट', तो चालला अन् ऑस्करही त्याच्यासाठीच भेटलं. पुढचे तेवढे नाही चालले, 1933 नंतर पडद्यावर काम सोडलं, ते खरं. पण कंपनीतला हिस्सा 1956 पर्यंत तिच्याकडंच होता.

मेसेज टाकणारा भाऊ आमच्याच लाईनीतला. परवा त्याचाच फोन, पोराच्या कामासाठी भाची पाहिजे म्हणे. नाईट, म्हणजे एका रात्रीच्या कामाचे पैसे, किती देशील विचारलं तर म्हणते, "लेकराले कायची नाईट?" मी मोठ्या माणसाची नाईट सांगितली. अजून फोन नाही आला.