ओटीपी ज्याचा, नळ त्याचा

पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज आता ऑनलाइन झालाय, घरबसल्या भरा, असं कुणी सांगितलं की मी विचारते, कुणाच्या घरी बसून? कारण वस्तीत नळ एका घराला मिळत नाही हो. पाच घरं, दहा घरं, कधी पंधरा घरं मिळून एक गट, त्या गटाचा एक मीटर, एक बिल, आणि मीटरपासून पुढे घराघरात जाणाऱ्या पाइपांचं जे काही जाळं असतं ते आपलं आपण बघायचं. बिल्डिंगवाल्यांकडे सोसायटी असते, सेक्रेटरी असतो, लेटरहेड असतं, रबर स्टॅम्प असतो. आमच्याकडे गट म्हणजे एका गल्लीतली माणसं, ज्यातल्या दोन घरांचं गेल्या गणपतीपासून बोलणं बंद आहे. आणि फॉर्मवर पहिला रकाना काय, तर अर्जदाराचं नाव. एकच. मोबाईल नंबर, एकच. बाकीची सगळी घरं म्हणजे खाली जोडलेली पीडीएफ.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात टेकडीवरच्या वस्तीत राहते, नोकरी ऑफिसात, घरी लॅपटॉप आहे, त्यामुळे रेशनकार्डापासून शाळेच्या ॲडमिशनपर्यंत गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याच दारात येतात, तसे पाण्याचेही आले. जे दिसलं ते लिहितेय.

आधीच सांगून टाकते, मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. जुनी पद्धत ज्यांनी बघितलीय ते तरी नसणारच. कागदाचा अर्ज प्लंबरच्या बॅगेत जायचा आणि तिथून पुढे तो कुठे गेला हे एक त्या प्लंबरला माहीत नाहीतर देवाला. साहेब सुट्टीवर आहेत, फाइल वर गेलीय, आता इलेक्शनची ड्युटी आहे, असं ऐकत वर्ष निघायचं आणि फी किती नि वरचे किती हे विचारायची सोय नव्हती. आता निदान नंबर पडतो, तारीख पडते. त्या तारखेची किंमत लोकांना कळलेली नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहिते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे २०१५ पासून आहे. त्या कायद्याखाली जाहीर झालेल्या यादीतल्या सेवेसाठी अर्ज केला की पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा, नाकारला तर कारण लेखी द्यायचं, आणि ती मुदत किती हे ऑफिसात बोर्डावर लावून ठेवायचं. नाही झालं तर ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाचीही तरतूद आहे. दंड किती जणांना होतो तो विषय सोडा, पण हे सगळं घोडं चालतं ते एका तारखेवर. प्लंबरच्या बॅगेतल्या अर्जाला तारीखच नव्हती तर उशीर झाला हे सिद्ध कशाच्या जिवावर करणार?

तेव्हा ऑनलाइन हवंच. पण कसलं ऑनलाइन?

आता तो ओटीपी घ्या. गटाच्या वतीने ज्याचा मोबाईल रजिस्टर झाला, लॉगिन त्याचं. अर्ज कुठवर आला ते त्यालाच दिसतं, त्रुटीचा मेसेज त्यालाच येतो, डिमांड नोट, म्हणजे किती पैसे भरायचे तो कागद, त्यालाच मिळतो, पैसे भरल्याची पावतीही त्याच्याच मेलवर. बाकीच्या घरांनी काय करायचं, तर संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन "दादा, काय झालं हो आपल्या नळाचं?" विचारायचं. आणि दादा म्हणणार, "चालू आहे, प्रोसेसमध्ये आहे." पूर्वी हेच प्लंबर म्हणायचा. फरक एवढाच की प्लंबर बाहेरचा होता, त्याला चार शिव्या घालता यायच्या, हा आपल्याच गल्लीतला, त्याच्या पोरीच्या बारशाला आपण जेवून आलेलो.

बरं तो दादा वाईटच असतो असंही नाही. बहुतेक वेळा बिचारा खरंच धावपळ करतो, सुट्ट्या टाकतो, झेरॉक्सचे पैसे खिशातून घालतो. पण एकाच्या हातात सगळी माहिती आली की काय होतं हे मुंबईतल्या कुठल्याही गल्लीला विचारा. "मी नळ आणला" असा बॅनर लागायला वेळ लागत नाही, पुढच्या निवडणुकीला तोच मतांचा हिशोब मागायला येतो. ज्या घराशी त्याचं पटत नाही त्याचं नाव यादीतून हळूच खाली सरकतं, मग "तुमचा कागद अपलोडच होत नव्हता" हे उत्तर तयार असतं, आणि ते खोटं आहे हे तुम्ही कसं सिद्ध करणार, लॉगिन तर त्याच्याकडे! आमच्या इथे एका दादाने सिमकार्ड बदललं, जुना नंबर बंद. अख्ख्या गटाचा अर्ज त्या बंद नंबरात अडकून पडला आणि नंबर बदलून घ्यायचा तर त्यासाठी पुन्हा जुन्या नंबरवर ओटीपी. हसावं का रडावं ते कळेना.

माझं म्हणणं साधं आहे. गटाला नळ देताय ना, मग गटाला अर्ज करू द्या. जितकी घरं तितके मोबाईल नंबर त्या अर्जात टाका, प्रत्येक टप्प्याला सगळ्यांना मेसेज जाऊ दे. गॅस सिलेंडर निघाला की मेसेज येतो, लाइट बिल आलं की येतो, मग त्रुटी निघाल्याचा मेसेज दहा घरांना पाठवायला कसलं तंत्रज्ञान कमी पडतंय?

दुसरं, कागद. वस्तीत राहणाऱ्या माणसाकडे कागदांची पिशवी असते आणि ती पुरात, आगीत सगळ्यात आधी उचलली जाते. त्या पिशवीत १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतरचा फोटोपास असतो (झोपडीधारकाचं ओळखपत्र, सासऱ्यांच्या नावाचं, फोटो ओळखू न येणारा), रेशनकार्ड, लाइट बिल, मतदार यादीतल्या नावाचा उतारा. कारण वर्षानुवर्षं आमचं अस्तित्व तारखेवर ठरत आलंय. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या तारखेच्या आधीचे तुम्ही अधिकृत, नंतरचे तुम्ही नाहीच. तहान मात्र दोघांना सारखीच लागते हे कोर्टात जाऊन सांगावं लागलं. वस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने १५ डिसेंबर २०१४ ला निकाल दिला की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. सगळ्यांना सारखंच द्या असंही कोर्टाने म्हटलं नव्हतं, दर जास्त लावायची मुभा ठेवली होती, तरी केवढी मोठी गोष्ट. मग २०२२ मध्ये पालिकेचं "सर्वांसाठी पाणी" धोरण आलं.

म्हणजे कायदा पुढे गेला. फॉर्म गेला का? मी बघितलेल्या एका फॉर्ममध्ये जागेच्या पुराव्याला ड्रॉपडाउन होतं आणि त्यातला एकही पर्याय आमच्या पिशवीतल्या कागदाला लागू पडत नव्हता. खिडकीवरचा क्लार्क निदान "काय आहे ते दाखवा" म्हणायचा, कागद उलटापालटा करायचा, साहेबांना विचारून येतो म्हणायचा. ड्रॉपडाउन कुणाला विचारून येत नाही. त्यात जमीन कलेक्टरची, रेल्वेची, वनखात्याची, खाजगी, ज्याची असेल त्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लावा म्हटलं की संपलंच, कोर्टाने जे दार उघडलं ते लाल चांदणीवाल्या, सक्तीच्या एका रकान्याने पुन्हा बंद. तिथे "इतर" असा एक पर्याय आणि चार ओळी लिहायची जागा द्यायला काय जातं? लोक लिहितील चार ओळी, वाचणारा माणूस पाहिजे.

आणि आता खरी माशी शिंकते ती जागा. लोकांना वाटतं अर्ज मंजूर झाला म्हणजे पाणी आलं. अहो, मंजुरी पाण्याची मिळते, पाइप टाकायची परवानगी वेगळी! मेन लाइन खाली रस्त्यावर, वस्ती वर. तिथून टॅपिंग, म्हणजे जोड घेऊन रस्ता फोडून चर खणायचा तर ते रस्तेवाल्यांचं काम, रस्ता पूर्ववत करायचे पैसे आगाऊ भरायचे, खणायचं कधी ते त्यांनी सांगायचं. त्यात साधारण मे महिन्याच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत तातडीचं काम सोडून रस्ता खोदायला मिळत नाही, जे बरोबरच आहे, नाहीतर जूनमध्ये गुडघ्याएवढे खड्डे. आणि गेली दोन-तीन वर्षं सगळीकडे रस्ते सिमेंटचे करायचा धडाका लावलाय, तर नवीन काँक्रीट रस्त्याला हात लावू देत नाहीत. मग कळतं की रस्ता सिमेंटचा व्हायच्या आधी खालून पाइप टाकून घ्यायला हवा होता. हे कुणी कुणाला सांगायचं होतं? पाण्याचा अर्ज एका खात्यात पेंडिंग, रस्त्याचं टेंडर दुसऱ्या खात्यात, दोन्ही कॉम्प्युटरवर, पण एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, भांडलेल्या जावांसारखे. ऑनलाइनचा जर कुठे खरा उपयोग असेल तर तो इथे आहे. ज्या रस्त्याचं काँक्रीटीकरण ठरलंय त्याच्या आजूबाजूचे पेंडिंग पाण्याचे अर्ज नकाशावर उमटले पाहिजेत, म्हणजे एकदाच खणा आणि एकदाच बुजवा. पण ते नको, आम्हाला ॲप पाहिजे, ॲपच्या उद्घाटनाला फीत पाहिजे.

आणखी एक गोष्ट जी कुठल्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत. घर किती उंचावर आहे? मुंबईचं पाणी येतं कुठून, तर सात तलावांतून, त्यातले विहार आणि तुळशी तेवढे शहरात, बाकी तानसा, भातसा आणि वैतरणेचे तिन्ही लांब ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरात. १८६० साली विहार झाला तेव्हापासून हे शहर बरंचसं पाणी उतारावर आणतंय. पण टेकडीवर चढवायला पंप लागतो, टाकी लागते. रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी शहरात येतं, ते चोवीस तास नाही तर भागाभागाने, चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा. खालच्या गल्लीत धो धो, वर आमच्याकडे नळातून आधी हवा, मग करंगळीएवढी धार, ती पण कुणी खाली पाणी ओढायचा बूस्टर पंप लावला नसेल तर. कागदावर आमच्या गटाला कनेक्शन आहे. पोर्टलवर हिरवी टिक आहे. तक्रार करायला गेलं की स्क्रीन सांगते सेवा पूर्ण झाली.

बिल्डिंगवाल्या मित्रमैत्रिणींनो, हे फक्त झोपडपट्टीचं रडगाणं समजू नका हां. एप्रिल २०२५ आठवा. भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी घ्या म्हणून विहीर आणि बोअरवेलवाल्यांना नोटिसा गेल्या, टँकरवाल्यांनी संप केला, आणि चार-पाच दिवसांत मोठमोठ्या टॉवरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बादल्यांचे फोटो फिरायला लागले. पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून टँकर आणि विहिरी ताब्यात घ्यायची वेळ आली. भांडण कशावरून होतं, परवानगीवरून, अटींवरून. नियम असावा की नसावा हा मुद्दाच नाही, भूजल कुणाच्या बापाचं नाही, नियम पाहिजेच. पण पाणी रोज लागतं आणि परवानगी कधीतरी मिळते, त्या मधल्या दिवसांत माणसांनी प्यायचं काय, हा प्रश्न त्या आठवड्यात विसाव्या मजल्यावर पण पोचला होता.

आमच्या गल्लीत दिवाळीनंतर आणखी एका गटाचा अर्ज करायचा आहे. दिवाळीनंतरच का, तर मार्चमध्ये भरला की मंजुरी येईपर्यंत मे उजाडतो आणि चर थेट पावसाळ्यापलीकडे जातो, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला करायचा असेल त्यांनीही लक्षात ठेवा. भरायच्या आधी सगळ्यांचे कागद एका गुगल ड्राइव्हवर टाकायचे, पासवर्ड निदान तीन घरांकडे, आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो ग्रुपवर. अर्जदार कोण यावर मीटिंगमध्ये वाद होणार हे मला आत्ताच दिसतंय, कारण तिघे चौघे दादा तयारच बसलेत. मी कोपऱ्यावरच्या मावशींचं नाव सुचवणार आहे. साइट बघायला इंजिनिअर येतात ते दुपारी बाराला, तेव्हा सगळे दादा कामावर नाहीतर ट्रेनमध्ये असतात, फोन उचलत नाहीत, आणि "अर्जदार जागेवर आढळला नाही" असा शेरा पडून अर्ज परत येतो. मावशी घरी असतात. पाणी किती वाजता येतं, कुठल्या घराला चढत नाही, जुना पाइप कुठून कुठे गेलाय, हे त्यांना तोंडपाठ आहे. मोबाईल साधा बटणांचा आहे, पण ओटीपी त्यावरही येतो.