पोवेच्या तीन पोरांना कोणी मोठे केले?

रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवरील आमच्या कट्ट्यावर जो वाद पेटला, तो आमच्यातल्या वकिलाच्या एका वाक्यामुळे. मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात ग्रीन डे हा अमेरिकन बँड वाजवून गेला, त्या रात्रीच्या आठवणी निघाल्या होत्या. तेव्हा वकील म्हणाला, "ग्रीन डे हा खरा पंक बँड, म्हणजे वेगवान, साधे आणि बंडखोर रॉक वाजवणारा. ब्लिंक-१८२ म्हणजे रेकॉर्ड कंपनीने आणि एमटीव्हीने तयार केलेला माल. सुखवस्तू उपनगरातली पोरे कसला पंक करणार?"

वकील पुराव्याशिवाय बोलत नाही. १९९६ साली अमेरिकेत दूरसंचार कायदा बदलला आणि देशभरात एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठली, त्यामुळे शेकडो केंद्रे मूठभर कंपन्यांच्या हाती गेली आणि त्यांनी स्वीकारलेले गाणे एकाच वेळी सगळीकडे वाजू लागले, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा जून १९९९ मध्ये आलेल्या ब्लिंकच्या 'एनेमा ऑफ द स्टेट' या अल्बमचा. एमसीएसारखी मोठी कंपनी, निर्माता जेरी फिन, घासूनपुसून चकचकीत केलेला आवाज, आणि त्यातल्या 'ऑल द स्मॉल थिंग्ज' या गाण्याच्या चित्रफितीत बॉय बँडांची, म्हणजे नाचत गाणाऱ्या देखण्या पोरांच्या पॉप गटांची, नक्कल करत त्याच बॉय बँडांच्या शेजारी एमटीव्हीवर मिळवलेली जागा. ते गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. पुढचा अल्बम २००१ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. एवढी उंची यंत्रणेशिवाय गाठता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

आमच्यातला ड्रमर हे सगळे शांतपणे ऐकत होता. त्याने एकच विचारले, "तू १९९९ पासून का मोजतोस?"

मला वाटते, त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. ब्लिंक सुरू झाला १९९२ साली, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या उत्तरेला डोंगराकडे असलेल्या पोवे या गावात. टॉम डिलाँग गिटारवर, मार्क हॉपस बेसवर आणि शाळेत शिकणारा स्कॉट रेनर ड्रमवर. पोवेला स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला १९८० मध्ये, आणि 'खेड्यातले शहर' हे बिरुद ते अभिमानाने मिरवते. अशा ठिकाणी घरे मोठी, गॅरेज रिकामी, रस्ते रुंद. मात्र ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याचे वय दारूच्या दुकानात शिरण्याइतके नाही, त्याला संध्याकाळी जायला जागा नाही. गॅरेजमुळे सराव झाला, रिकाम्या संध्याकाळींमुळे तो रोज झाला. पण गॅरेजमध्ये सराव करणारी पोरे अमेरिकेच्या प्रत्येक उपनगरात होती. यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे सॅन दिएगोमधले सोमा.

सोमा हे कोणत्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश देणारे सभागृह होते. तिथे नवख्या बँडांना तळघरात वाजवायला मिळे. त्या तळघराला सगळे 'डंजन' म्हणत, आणि वरच्या मोठ्या मंचावर पोहोचणे हे शहरातल्या प्रत्येक शाळकरी बँडचे स्वप्न असे. ड्रमरचे म्हणणे असे की, बँड घडतो तो अशा तळघरात. समोर आपल्याच वयाची पोरे उभी असतात, त्यांना कंटाळा आला की ती तोंडावर सांगतात, आणि कोणत्या ओळीला सगळे एकदम गाऊ लागतात हे पंधरा दिवसांत कळते. हॉपसचा जाड आवाज आणि डिलाँगचा नाकातला, किनरा आवाज यांची अदलाबदल, तीन-चार कॉर्डांवर धावणारे गाणे, ध्रुवपद आले की सगळी वाद्ये एकदम मोकळी सोडणे, ही त्यांची घडण कंपनीच्या कचेरीत ठरली नव्हती. फेब्रुवारी १९९५ मध्ये आलेला 'चेशायर कॅट' हा अल्बम सॅन दिएगोतल्याच कार्गो या छोट्या कंपनीने काढला होता. टेलर स्टील यांच्या सर्फिंगवरच्या चित्रफितींमध्ये त्यांची गाणी वाजत होती, आणि लाटांवर व स्केटबोर्डवर वेळ घालवणारी पोरे त्या फितींतूनच नवे बँड शोधत होती. एमसीएने करार केला १९९६ मध्ये, म्हणजे बँडची चार वर्षे पूर्ण झाल्यावर. "कंपनीने उभे पीक विकत घेतले," ड्रमर म्हणाला, "पेरणी तिची नव्हती."

वकिलाने हे अर्धेच मान्य केले. उभी पिके पुष्कळ होती, त्यांतले हेच का उचलले गेले, असे त्याने विचारले. याला माझ्याकडे उत्तर होते, आणि ते त्याच्याच लाडक्या बँडमधून निघते. फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीन डेचा 'डूकी' आला, तो वॉर्नरच्या रिप्रीज या कंपनीकडून, आणि बर्कलीतल्या ज्या गिलमन स्ट्रीट सभागृहात ते वाढले होते, त्याच सभागृहाने मोठ्या कंपनीशी करार केल्यामुळे त्यांना दार बंद केले. त्या अल्बमचे मिक्सिंग, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांची अंतिम जुळणी, करणाऱ्यांत जेरी फिन होता. त्याच वर्षी ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' एपिटाफ या स्वतंत्र कंपनीकडून येऊन प्रचंड खपला. त्यानंतर प्रत्येक मोठी कंपनी कॅलिफोर्नियातली गॅरेजे हुंगत फिरू लागली. ज्या निर्मात्याच्या नावाने ब्लिंकला नकली ठरवायचे, त्याचाच हात 'डूकी'वर फिरला असेल आणि त्याला मात्र खरे म्हणायचे असेल, तर हा न्याय कोणता? ग्रीन डेची मुलेही सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळच्या लहान गावांतून आली होती. हा सगळा प्रवाहच शहराच्या कडेला जन्मलेला आहे. कॅलिफोर्नियातल्याच फुलर्टनचे अडोलेसेंट्स आणि मॅनहॅटन बीचचे डिसेंडेंट्स हे बँड १९८० च्या दशकाच्या आरंभीच हे करत होते.

मास्तर इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांना प्रश्न पडला तो आशयाचा. पंक म्हणजे सत्तेला विचारलेला जाब. या पोरांच्या गाण्यांत ना युद्ध आहे ना बेकारी, मग उरते काय, असे ते म्हणाले. मी या आक्षेपाशी मुळीच सहमत नाही. परस्परांवर दोषारोप न करता घटस्फोट घेता येईल असा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये केला आणि तो १९७० पासून लागू झाला. मोडलेल्या संसारातून सुटण्याचा तो रास्त मार्ग होता, पण दोन घरांत वाटले गेलेले बालपण ही त्या उपनगरांतली नेहमीची गोष्ट झाली. हॉपस आणि डिलाँग दोघांचेही आईवडील विभक्त झाले होते. २००१ च्या 'स्टे टुगेदर फॉर द किड्स' या गाण्यात हेच आहे. त्याआधी 'ॲडम्स साँग'मध्ये हॉपसने एकटेपण आणि आत्महत्येचा विचार यांविषयी लिहिले, आणि तेही अंगविक्षेप व पांचट विनोदांनी भरलेल्या अल्बमच्या मध्यभागी. ज्यांच्याकडे अंगण, गाडी आणि रंगीत टीव्ही आहे, त्यांना दुःखाचा अधिकार नाही असे मानणे मला क्रूर वाटते. या मुलांनी दुसऱ्याची गरिबी अंगावर चढवली नाही. जे आपल्या घरात पाहिले तेच गायले, आणि त्यामुळेच दूरच्या कुठल्याही उपनगरातल्या मुलाला ते आपले वाटले.

ताई तोपर्यंत गप्प होती. तिने विचारले, "मुलगा म्हणालास. मुलींना काय वाटले?"

तिचे म्हणणे असे की, त्याच गल्लीत तितक्याच कंटाळलेल्या मुली राहत होत्या, पण या गाण्यांत मुलगी येते ती सोडून गेलेली किंवा नकार देणारी म्हणून, आणि विनोदात येते ती केवळ शरीर म्हणून. त्याच दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पियाच्या बिकिनी किल या बँडने कार्यक्रमांत मुलींना पुढे बोलावून उभे केले होते. म्हणजे दुसरी वाट अस्तित्वात होती आणि माहितीही होती. टेनेसीतल्या फ्रँकलिन या नॅशव्हिलजवळच्या गावातून पॅरामोर हा बँड आणि त्याची गायिका हेली विल्यम्स पुढे येईपर्यंत, २००७ च्या त्यांच्या 'रायट!' या अल्बमपर्यंत, या शैलीच्या मुख्य मंचावर मुलीची बाजू जवळजवळ ऐकूच आली नाही. सोमाचे तळघर सर्व वयांना खुले होते, पण तिथे सर्वांना सारखी जागा होती असे कोणी समजू नये. ताईचे हे बोलणे मला पूर्णपणे पटते, आणि या बँडवरच्या प्रेमापोटी ते सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

ड्रमरला रेनरविषयीही बोलायचे होते. १९९८ मध्ये दौऱ्याच्या मध्यावर तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी अक्वाबॅट्स या बँडमधला ट्रॅव्हिस बार्कर आला. कॅलिफोर्नियातल्या फाँटानातल्या शाळेच्या कवायती वाद्यवृंदात तयार झालेला त्याचा हात या साध्या गाण्यांना असा काही लागला की बँडची उंचीच बदलली. सुरुवातीची वर्षे मात्र रेनरने वाजवली आहेत, आणि यशाच्या कथेत त्याचे नाव एका ओळीत आटोपते, याचे ड्रमरला मनापासून वाईट वाटते.

शेवटी गोष्ट आमच्याकडे वळली. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला, आणि धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात महाविद्यालयीन पोरांना उघड्यावर रॉक ऐकता येत असे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि रंगभवन त्या कारणाने गप्प झाले. आज बँड वाजतात त्या बहुतेक जागा दारूच्या परवान्यावर चालतात, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमांना २१ वर्षांखालच्यांना बहुधा दारातूनच परत पाठवतात. मग ठाण्यात किंवा डोंबिवलीत पंधराव्या वर्षी गिटार हाती घेतलेल्याने वाजवायचे कुठे?

शाळेच्या बंदिस्त सभागृहात, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन ते सहा, असे ड्रमर म्हणाला. वकिलाने शांतता क्षेत्राचा नियम पुन्हा पुढे केला. मास्तरांनी सांगितले की स्नेहसंमेलनाचे कर्णे त्याच सभागृहात वाजतात आणि त्यांना परवानगी मिळते. त्या परवानगीचा अर्ज कोणाच्या नावे आणि कोणत्या कचेरीत करायचा, यावर आमचा पुढचा अर्धा तास गेला. ताईची अट एकच होती की पहिल्या कार्यक्रमात मुलींचा एक तरी बँड असलाच पाहिजे, आणि ती आम्ही मान्य केली आहे.