फाळ नसलेला नांगर

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात, लोक चपला शोधत असताना, माझ्या पोरानं सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आमच्या बाबांना इस्तो, म्हणजे विस्तव, पेटवता येत नाही. आठ वर्षांचं पोट्टं. पाळकसाहेब हसले, पाळकबाई हसल्या, आणि माझी सासू, जी एरवी कशालाच हसत नाही, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. आज बुधवार आहे, राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

झालं असं की आमच्या चर्चनं यंदा पोरांसाठी साहसी कार्यक्रम काढला. पहिली ते पाचवीची पोरं, प्रत्येकासोबत एक बाप, गळ्यात स्कार्फ, तंबू, गाठी, शेकोटी, प्रार्थना, एक रात्र मुक्काम. फी साडेतीनशे, बापाचे वेगळे साडेतीनशे. आधी चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं. पण मायबायांनी मिटिंगमध्ये विचारलं की मेळघाटात वाघ आहेत का, आणि कॅप्टननं हुशारी दाखवायला सांगितलं की प्रोजेक्ट टायगरच्या अगदी पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, झालं, तिथंच चिखलदरा संपला. १,११८ मीटर उंचीवर हवा खायला निघालेले आम्ही परतवाड्याच्या अलीकडं मंडळीतल्याच एकाच्या वावरात, संत्र्याच्या बागेला लागून, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उतरलो. डोंगर दिसत होता लांबून. तेवढंच.

कॅप्टन म्हणजे पाळकसाहेबांचा भाचा. नागपूरचा. पोरगा चांगला आहे, पण पँटीला चौदा खिसे आणि एकातही माचिस नाही असा. त्यानं संध्याकाळी पोरांना गोल बसवून इतिहास सांगितला. ४ ऑक्टोबर १८८३, स्कॉटलंडमधलं ग्लासगो, विल्यम स्मिथ नावाचा संडे स्कूलचा मास्तर. पोरं वर्गात धिंगाणा घालायची, हा गडी हौशी फौजेतला अधिकारी, म्हणून त्यानं कवायत नेऊन संडे स्कूलमध्ये घातली आणि बॉईज ब्रिगेड काढली. पुढं १९०७ ला बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर जो कॅम्प घेतला, ज्याच्यातून स्काउट निघालं, त्यातलीही बरीच पोरं या ब्रिगेडचीच. हे सगळं आमच्या पोरांनी नाक ओढत ऐकलं.

मला मात्र १८८३ ऐकून हिस्लॉप कॉलेज आठवलं, नागपूरचं, तेही १८८३ चंच. ज्याच्या नावानं ते आहे तो स्टीफन हिस्लॉपही स्कॉटलंडचाच मिशनरी, नागपूरच्या आसपास दगड गोळा करत हिंडायचा, एका खनिजाला त्याचं नाव आहे, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ रात्री पुराच्या पाण्यात बुडून गेला. खरं साहस म्हणायचं तर ते. त्याला कोणी स्कार्फ दिला नाही आणि फीही घेतली नाही. असो.

तर ब्रिगेडचं चिन्ह आहे अँकर. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, तिथून घेतलेलं. तिकडं पाच ते आठ वर्षांच्या पोरांच्या गटाला अँकर बॉईज म्हणतात. आमचा कार्यक्रम काही ब्रिगेडचा नाही, पण कॅप्टनला कल्पना आवडली म्हणून त्यानं बिल्ल्यावर अँकर छापून आणला आणि लहान पोरांना नाव दिलं ‘नांगरवीर’. आमच्या घरात चार पिढ्या नांगर धरला, पण वीर कोणी म्हटलं नाही. माझ्या पोरानं आजवर नांगर पाहिला तो कॅलेंडरवर.

आणि इथं आबाजी आले.

शेजारच्या वावरातले. सत्तरीचे असतील. डोक्यावर टोपी, अंगावर घोंगडं, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी घोळणं चालू. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी आमच्याकडं बराच वेळ पाहिलं, म्हणजे माणूस अपघात पाहतो तसं.

“काय चालू हाय बाप्पा?”

“कॅम्प आहे आबाजी.”

“डोयाचा?”

“नाही, पोरांचा.”

“पोरायच्या डोयाचा?”

मी म्हटलं डोळ्याचा नाही, कशाचाच नाही, रात्रभर वावरात राहायचं, शेकोटी करायची, तंबूत झोपायचं.

“काहून? घर पडलं का?”

मी म्हटलं आबाजी, साहस आहे हे.

“किती देतेत याचे?”

“देत नाहीत. आम्हीच दिले. साडेतीनशे.”

खर्रा घोळणारा हात थांबला. विदर्भात माणसाचा खर्रा घोळता घोळता थांबला म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

“तुमी देल्ले.”

“हो.”

“वावरात झोपाचे.”

“हो.”

“अन् पोराचे?”

“त्याचे वेगळे.”

आबाजी खालीच बसले. मग म्हणाले, “मी तीस वर्षं झाली इथंसा जागली करून राह्यलो. सालाचे चार महिने. मले कोनं रुपया मांगला नाही. माह्याकडं निंगते मंग हे.” जागली म्हणजे रात्रभर पिकाची राखण. आणि खरंच काळजीत पडल्यासारखं विचारलं, “कोनाले द्या लागते? पावती भेटते का?”

आता माझं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, हिशोब दिसला की माझा हात आपोआप मोबाइलकडं जातो. चार महिन्यांच्या १२० रात्री, तीस वर्षं, साडेतीनशेनं. मी म्हटलं आबाजी, तुमच्याकडं बारा लाख साठ हजार निघतात.

“लिहून घ्या,” आबाजी म्हणाले. “कर्जमाफीत टाका.”

मग लगेच धंद्यावर आले. म्हणे पुढच्या वेळेस ही पोरं माह्या वावरात आना, तूर उभी हाय, दोनशेत करतो, डुक्कर बी दाखवतो, रोही, म्हणजे नीलगाई, आले तं त्याचे वेगळे. एवढ्यात कॅप्टन आला. त्याला कोणी मोठं माणूस दिसलं की माहिती द्यायची सवय आहे. त्यानं झेंडा उलगडून दाखवला आणि म्हणाला, आजोबा, हा आमचा नांगर.

आबाजींनी झेंड्यावर टॉर्च मारला. मग चश्मा काढून पुसला, पुन्हा मारला.

“फाळ कुठी हाय याचा?”

“हा तसला नांगर नाही आजोबा.”

“रुमनं? बैल कुठून जुपता?”

“हा जहाजाचा. समुद्रात जहाज जागचं हलू नये म्हणून टाकतात.”

“म्हंजे हा चालत नाही.”

“नाही, हा थांबवतो.”

“मंग नांगर काहून म्हनता लेकहो?” आबाजी चिडलेच. “हा तं खुटा झाला. ढोर बांधाचा खुटा!”

कॅप्टन गप्प. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, त्या पोरांतल्या एकानंही पाहिलेला नाही, आणि अर्ध्या मिनिटात या माणसानं त्यांना सगळं समजावून दिलं होतं. पोरांनी तिथंच धोशा लावला, जिवाचा खुटा, जिवाचा खुटा. नांगरवीरांचे खुटावीर झाले. कॅप्टननं दोनदा शिट्टी वाजवली, काही फरक पडला नाही.

मग गाठींची परीक्षा. खुंट्याला दोर बांधायची क्लोव्ह हिच म्हणून गाठ असते, ती मी आदल्या रात्री यूट्यूबवर अकरा वेळा पाहिली होती. माझी सुटली. आबाजींनी एका हातानं बांधली, दुसऱ्या हातात खर्रा होता. म्हणे हे शिकाले क्लास लावला का? मी हसून घेतलं. मग आली शेकोटी. बापांची परीक्षा, तीन काड्या, कागद नाही, रॉकेल नाही. मला मिळालेल्या पऱ्हाट्या आदल्या दिवशीच्या स्प्रिंकलरनं भिजलेल्या, हे मी आजही शपथेवर सांगतो, बाकीच्या बापांना कोरड्या मिळाल्या. पहिली काडी वाऱ्यानं गेली. दुसरीनं नुसता धूर, तोही पूर्ण माझ्या डोळ्यांत. आणि मागून चालूच, “फुक मार. अरे तोंडानं मार, नाकानं काहून मारतं? तू शंकरभाऊचा पोरगा न? तुहा बाप पावसात चिलीम पेटवे.” तिसरी काडी माझ्या बोटाला लागली. आबाजी उठले, माझ्याच हातातल्या पऱ्हाटीच्या बोंडाला चिकटलेला कवडी कापूस ओढून काढला, बोटांनी पिंजला, खाली सुकी गवरी मोडून ठेवली आणि कॅप्टनला म्हणाले दे एक काडी. एकच. पेटलं. कापूस माझ्या हातात होता हो. मी कापसाच्या मुलखात जन्मलो, कापसाच्या पैशावर शिकलो, आणि कापूस हातात धरून धुरात रडत बसलो होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पोरानं सगळ्यात जोरात.

जाळाचा उजेड पडल्यावर आबाजींनी माझं तोंड नीट पाहिलं. “अबे, तू फारमवाला न? डुकरायनं हरभरा खाल्ला त्याचा फारम तुह्याच दुकानात भरला म्या. काय झालं त्याचं?”

आता यावर मी काय सांगणार. भरपाईचा अर्ज, सातबारा, पंचनामा, फोटो, सगळं मीच अपलोड केलं, मीच दर वेळी उघडून पाहतो, आणि तो दर वेळी ‘प्रलंबित’ दाखवतो. मी तो अर्ज अडवलेला नाही, पण स्क्रीन माझी आहे म्हणून लोक माझ्याच तोंडाकडं पाहतात. आबाजींच्या धुऱ्यावर चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या होत्या, डुकरं बिचकावीत म्हणून. आमची पोरं संध्याकाळी येतानाच म्हणाली होती, बाबा, किती मस्त डेकोरेशन! मी म्हटलं हो. त्या साड्या कोणाच्या हे मी विचारलं नाही. माणूस थंडीत चार महिने टीनाचा डबा वाजवत बसतो, तेव्हा कुठं अर्धी तूर घरी येते, आणि वरून शेताची लाइन, म्हणजे वीज, पाळीपाळीनं, कधी दिवसा, कधी मध्यरात्री, म्हणजे जागली नसली तरी ओलित करायला, पिकाला पाणी द्यायला, उठायचंच. अंधारात, सापकिरड्यात. आम्ही त्याच धुऱ्यावर पोरांना शिकवत होतो, अंधाराला घाबरू नका.

आता जेवण. मॅगी होती. आबाजींनी एक घास खाऊन विचारलं रोडगे काहून नाही केले, इस्तो तं हाय. याला कोणाकडंच उत्तर नव्हतं. ते जागलीला निघून गेले, आम्ही प्रार्थना करून झोपलो.

साडेबाराला लाइन आली. आमच्या यजमानांच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावलेलं, लाइन आली की आपोआप सुरू, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि कॅप्टननं तंबू लावताना सपाट जागा पाहिली ती नेमकी पाण्याच्या दांडाच्या तोंडाशी. मला आधी स्वप्न पडलं की मी चिखलदऱ्याला भीमकुंडात उतरलोय. मग पाठ ओली झाली, मग पोराची चप्पल माझ्या कानापासून वाहत गेली. तंबूची एक बाजू सुटली, अर्थात माझ्या गाठीची. आम्ही सगळे बाप अंधारात पोरं काखेत, गाद्या डोक्यावर घेऊन उभे, कॅप्टन चौदा खिशांत टॉर्च शोधतोय, आणि पलीकडच्या साड्यांमागून आवाज आला,

“ओ जहाजवाले! जहाज चाललं तुमचं! खुटा ठोका, खुटा!”

सकाळी बिल्ले वाटले. बावीसही पोरांना मिळाले. बापांसाठी पितळी पिन होती, गाठ आणि शेकोटी दोन्ही जमलेल्यांना. मला नाही मिळाली. ठीक आहे. पण एक पिन उरली, आणि ती कॅप्टननं सगळ्यांसमोर आबाजींच्या टोपीला लावली. साडेतीनशे मी भरले होते. मी हे कॅप्टनला नंतर बाजूला घेऊन म्हटलंही, अगदी शांतपणे, तर तो म्हणाला, दादा, पुढच्या वेळी प्रॅक्टिस करून या.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर आबाजी पायरीवर बसलेले. टोपीला पिन. म्हणाले तो फारम पाह्य बरं एकडाव. पाहिला. प्रलंबित. म्हणे कागदावर काढून दे, पोराले दाखवतो. प्रिंट काढली. त्यांनी दहाची नोट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “पावती?”

एरवी मी ओळखीच्या माणसाकडून प्रिंटचे पैसे घेत नाही. त्या दिवशी घेतले.